कंप्रेसर काढून ठेवलेले काका

बॉनेटखाली फुकटचं कोण खातंय, याचा शोध काही माणसं निवृत्तीनंतर फार गांभीर्यानं घेतात. गाडी पंधरा-वीस वर्षांची, बहुधा मारुती ८००, झेन किंवा एस्टीम. रंग मूळचा पांढरा. पुढच्या काचेवर ज्या कारखान्यातून मालक निवृत्त झाले, तिथला पार्किंगचा स्टिकर अजून शाबूत. मालकांनी हयात मेंटेनन्स विभागात काढलेली असते, त्यामुळे चालू यंत्राकडे ते कौतुकानं पाहत नाहीत, संशयानं पाहतात. रेडिएटरच्या पंख्यावर संशय घेऊन झालेला असतो, हॉर्नवर घेऊन झालेला असतो. शेवटी बोट ठरतं ते एसीच्या कंप्रेसरवर.

अशा गृहस्थांना मी कंप्रेसर काढून ठेवलेले काका म्हणतो. ठाण्यात, नाशकात, सांगलीतही ते आढळतात. पुण्यातल्यांकडे फक्त मुद्दे जास्त असतात. आमच्या शेजारच्या इमारतीतले काका हा या जातीचा अस्सल नमुना. गाडी २००३ सालची मारुती ८००, एसी मॉडेल. एसी मॉडेल घेतलं कारण रिसेल व्हॅल्यू चांगली येते म्हणाले होते. वीसहून जास्त वर्षं झाली, रिसेल काही केलेली नाही.

काकांचा सिद्धान्त असा: "अरे, एंजिन किती? सातशे शहाण्णव सीसी. ताकद किती? सदतीस अश्वशक्ती. त्यातली दोन-तीन तर हा घरजावईच खातो. बसायचं पट्ट्यावर आणि खायचं माझं पेट्रोल."

आता यात खोटं काही नाही. एवढ्याशा एंजिनावर कंप्रेसरचा बोजा पडला की गाडी जड होते, हे ८०० चालवलेल्या कुणालाही पायाला कळलेलं आहे. खंबाटकी घाट लागला की "एसी बंद!" अशी आरोळी ठोकून काचा खाली करणाऱ्या पिढीत आपण सगळेच वाढलो. प्रश्न एवढाच, की काकांच्या गाडीत हा घरजावई खायला कधी बसला? मार्चमध्ये "अजून कुठं उन्हाळा सुरू झालाय?" एप्रिलमध्ये "पुण्यात संध्याकाळी वारा सुटतो." मे महिन्यात "आता काय, आठ दिवसांत वळीव." पुढे पावसाळा, मग थंडी. मुलीच्या सासऱ्यांना स्टेशनवरून आणायचं होतं तेव्हा एकदा एसी लागला होता, अशी इमारतीत वदंता आहे. काकू म्हणतात, तेव्हाही नुसता पंखाच होता. बटण दाबलं नव्हतं.

इथे थोडं यंत्राबद्दल सांगायला हवं, नाहीतर काकांवर अन्याय होईल. एंजिनाच्या पुलीवरून एक पट्टा कंप्रेसरच्या पुलीवर जातो. ही पुली एंजिन चालू असेतो गरगर फिरतच असते, पण तिच्याबरोबर कंप्रेसर फिरतो असं नाही. मध्ये विजेवर चालणारा चुंबकी क्लच असतो. डॅशबोर्डवरचं बटण दाबलं की 'टक्' असा आवाज होतो, क्लचची तबकडी पुलीला चिकटते आणि मगच आतला कंप्रेसर कामाला लागतो. बटण बंद, तर पुली नुसती आपल्या बेअरिंगवर फिरते. बेअरिंग धड असेल तर, पट्टा उतरवल्यावर, ती पुली बोटानं फिरवता येते. म्हणजे एसी बंद असताना कंप्रेसर जे पेट्रोल खातो, ते मोजायला काकांना पेट्रोल पंपावर नव्हे, प्रयोगशाळेत जावं लागेल.

काकांना हे ठाऊक नाही असं मुळीच समजू नका. मेंटेनन्समध्ये होते ते. क्लचचं चित्र त्यांनी मला वर्तमानपत्राच्या कोऱ्या समासावर काढून दाखवलं आहे. "पण बेअरिंगचं घर्षण आहे ना?" आहे. "पट्टा वाकतो, सुटतो, त्यात ऊर्जा जाते ना?" जाते. "मग?" या 'मग'ला उत्तर नसतं. थेंबाथेंबानं तळं साचतं यावर काकांच्या पिढीचा विश्वास आहे. थेंब केवढा आहे हे विचारणं त्यांना चावटपणाचं वाटतं.

तरी इतकी वर्षं हा वाद तोंडीच होता. पाना हातात घ्यायला कारण झालं सरकारचं. खाजगी गाडीला पंधरा वर्षं झाली की नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं, आणि ते पाच-पाच वर्षांनी. काकांनी पहिलं केलं २०१८ मध्ये, तेव्हा शुल्क होतं ६०० रुपये. १ एप्रिल २०२२ पासून ते झालं ५,०००. दुसरं नूतनीकरण आलं २०२३ मध्ये. वर पर्यावरण कर आहेच. आरटीओतून काका परतले ते काही न बोलता थेट पार्किंगमध्ये गेले आणि बॉनेट उघडून बराच वेळ उभे राहिले. पाच हजार कुठून तरी वसूल व्हायला हवे होते.

रविवारी सकाळी शस्त्रक्रिया झाली. अशा कामाला प्रेक्षक लागतात आणि आमच्याकडे ते असतात. दूध आणायला गेलेले, पेपर घ्यायला आलेले, कुत्र्याला फिरवणारे असे पाचसहा जण गाडीभोवती जमले. ८०० चं एक बरं आहे, अल्टरनेटरचा पट्टा वेगळा आणि कंप्रेसरचा वेगळा. एक उतरवला तरी दुसऱ्याचं काही बिघडत नाही. बॅटरीची निगेटिव्ह तार काढणे, ताणाचा बोल्ट ढिला करणे, पट्टा पुलीवरून सरकवणे. मेकॅनिक असता तर चहा गार व्हायच्या आत उरकला असता. काकांनी दुपार केली, कारण प्रत्येक बोल्ट काढला की तो पुसून, डबीत ठेवून, डबीवर चिठ्ठी लावायची असते. पट्टा साडीच्या दुकानाच्या पिशवीत घालून, वर तारीख टाकून, गॅलरीत छत्रीशेजारच्या खिळ्याला टांगला. काकू तिथे कपडे वाळत घालत होत्या. म्हणाल्या, "अहो, त्या खिळ्याला आता मी काय अडकवू?"

"अगं, मे महिन्यात परत लावायचाच आहे."

काकूंनी खिळ्याकडे पाहिलं आणि दुसरा ठोकून घेतला. त्या काकांना चांगल्या ओळखतात. गीझरची पिन, बेसिनखालचा नळ, टीव्हीचा तो लाल दिवा, दारावरची बेल. 'परत लावायचं आहे' या यादीत त्यांच्या घरातलं बरंच काही आहे.

एरवी गोष्ट पट्ट्यावर थांबली असती. पण पट्टा निघाल्यावर कंप्रेसर बॉनेटखाली नुसता बसून राहिला, आणि काम न करता बसून राहणं ही गोष्ट काकांना पट्ट्यावर बसण्यापेक्षाही सहन होईना. "आता तर वजनच वाहतोय आपण त्याचं," असं ते जिन्यात भेटतील त्याला सांगू लागले. पुढच्याच महिन्यात त्यांनी तो बुडापासून सोडवला. होसपाइप उघडताना गॅस फुस्सकन येईल म्हणून सगळे दोन पावलं मागे सरकले. काही आलं नाही. आत गॅस नव्हताच.

माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला हा सर्वांत सुंदर क्षण आहे, म्हणून जरा थांबतो. कंप्रेसरच्या दांड्याभोवती एक सील असतं. ते ओलं राहतं गॅसबरोबर फिरणाऱ्या तेलानं. एसी महिनोन्‌महिने लावलाच नाही तर तेल फिरत नाही, सील सुकतं, आणि गॅस हळूहळू झिरपून जातो. गॅसचा दाब ठरावीक पातळीखाली गेला की एक स्विच क्लचला वीजच देत नाही. कोरड्यानं फिरून कंप्रेसर जळू नये यासाठी ती सोय. म्हणजे काकांचा घरजावई, निदान काही उन्हाळे तरी, बटण दाबूनही उठला नसता. ज्याच्या खादाडपणाविरुद्ध मोहीम काढली, त्यानं केव्हाच अन्न सोडलं होतं.

(गॅसची गोष्ट निघालीच आहे तर: जुन्या गाड्यांत आर-१२ असायचा, तो ओझोनच्या थराला भोक पाडतो म्हणून १९८७ च्या माँट्रियल करारानंतर बाद होत गेला. त्याच्या जागी आलेला आर-१३४ए ओझोनला त्रास देत नाही, पण हवा तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटींहून पुढे आहे. त्यामुळे पाइप उघडण्याआधी गॅस यंत्रानं काढून घ्यावा, असा नियम शहाणा मेकॅनिक पाळतो. काकांच्या गाडीनं तो वातावरणात आधीच, कुणाला न सांगता, सोडून दिला होता.)

हे सारं मी काकांना नम्रपणे सांगून पाहिलं. ते क्षणभर गप्प राहिले आणि म्हणाले, "म्हणजे निकामीच होता. मग काढला तेच बरोबर केलं की!"

कंप्रेसर रद्दीवाल्याच्या काट्यावर चढवला, साडेपाच किलो भरला. तेवढ्यानं गाडी हलकी झाली. मग काकांनी तो गोणपाटात गुंडाळला, सुतळीनं बांधला आणि डिकीत ठेवला.

"लागला तर," म्हणाले.

डिकीत तो स्टेपनीशेजारी आजही आहे. पुढचं वजन मागे गेल्यामुळे गाडीचा तोल सुधारला, असं काकांचं म्हणणं आहे. आणि उघड्या राहिलेल्या दोन पाइपांच्या तोंडांवर दुधाच्या पिशवीचे तुकडे लावून, वर रबर आवळून, त्यांनी 'सील' केलं. दमट हवा दुधाच्या पिशवीला जुमानत नाही. ती आत शिरली, ओलावा शोषणारा ड्रायर भरून गेला, तेलात पाणी मुरलं. आता पुन्हा जोडायचं तर नवा ड्रायर, नव्या ओ-रिंग, पाइपांची धुलाई, तेल, व्हॅक्यूम, गॅस हे सगळं आलं. नाना पेठेत एका एसीवाल्यानं आकडा सांगितला तेव्हा काका त्याला म्हणाले, "एवढ्यात मी गाडी घेतली होती." हे खरं नव्हतं, पण एसीवाला पंचविशीतला होता, त्याला कुठं माहीत असणार!

फायदा काय झाला? त्याची वही आहे. डॅशबोर्डच्या खणात, पेन्सिलसह. फुल टू फुल पद्धत: टाकी नॉझल आपोआप बंद पडेपर्यंत भरायची, किलोमीटर लिहायचे, पुन्हा तशीच भरायची, भागाकार. पट्टा काढण्याआधी १७.२, काढल्यावर १७.९. काका ही वही दाखवताना आवाज खाली आणतात. त्याच आठवड्यात त्यांनी चारही टायरांत हवा भरून घेतली होती, एअर फिल्टर झटकला होता आणि प्लग बदलले होते, ही नोंदसुद्धा त्याच पानावर आहे, त्यांच्याच अक्षरात. पण श्रेय कुणाला द्यायचं हा वहीच्या मालकाचा अधिकार.

मी एकदा, वहीतला आकडा शंभर टक्के खरा धरून, हिशेब करून दिला. गाडी महिन्याला दोनशे किलोमीटर फिरते. म्हणजे वर्षाला साडेपाच लिटरच्या आसपास पेट्रोल वाचतं, पाचशे-सहाशे रुपये. पाच हजार वसूल व्हायला जवळजवळ नऊ वर्षं. नूतनीकरण पाच वर्षांचं. काकांनी कागद चष्मा लावून वाचला, घडी घातली आणि वहीत ठेवून दिला. "तू पेट्रोलचा भाव आजचा धरलायस," एवढंच म्हणाले.

त्यांना खरा आनंद दिला तो पॅकार्डच्या गोष्टीनं. अमेरिकेतल्या पॅकार्ड कंपनीनं १९४० च्या मॉडेलमध्ये कारखान्यातूनच एसी बसवून द्यायला सुरुवात केली. मोटारीत असं प्रथमच घडत होतं. त्या कंप्रेसरला क्लच नव्हता. एंजिन चालू, तर कंप्रेसर चालू. बंद करायचा तर गाडी थांबवायची, उतरायचं, बॉनेट उघडायचं आणि हातानं पट्टा काढायचा. शिवाय थंड हवेचं यंत्र मागे डिकीत, तिची निम्मी जागा खाऊन बसलेलं. दोन वर्षांत कंपनीनं तो नाद सोडला. मी हे सांगितलं चिडवायला. काकांनी ते पुरावा म्हणून स्वीकारलं. आता कुणी विचारलं की ते म्हणतात, "पट्टा काढायची पद्धत मूळ अमेरिकेतली आहे. आणि तिकडेही एसीचं सामान डिकीतच ठेवायचे."

पावसाळ्यात मात्र सिद्धान्ताची परीक्षा होते. ताम्हिणी घाटात जुलैमध्ये एकदा मी त्यांच्या मागच्या सीटवर होतो. बाहेर पाऊस, आत चार माणसं श्वास घेतायत, काच गार. आतली वाफ काचेवर जमली आणि समोरचा रस्ता दिसेनासा झाला. एसी हवेतलं पाणी गाळून घेतो, काच मिनिटाभरात साफ होते. त्याचा उन्हाळ्याइतकाच उपयोग इथे आहे, आणि हे एसी न लावणाऱ्यांना पावसाळ्याशिवाय आठवत नाही. काचा उघडल्या तर पाऊस आत, मिटल्या तर रस्ता गायब. काकूंनी पर्समधून पंच्याचा तुकडा काढला. म्हणजे ही तयारी होती. "तुम्ही चालवा, मी पुसते," असं म्हणून त्या डावीकडून उजवीकडे काच पुसत राहिल्या. वळण आलं की हात मागे, वळण संपलं की पुढे. शेवटी काकांनी हुकमी पान काढलं: हीटर. गरम हवा काचेवर सोडली. काच साफ झाली, त्याबद्दल वाद नाही. आम्ही चौघं मात्र भर पावसात शिजलो. "बघ," घामानं निथळत काका म्हणाले, "एसीशिवाय अडत नाही."

काकूंनी तोच पंचा त्यांच्या हातात दिला. "आता तोंड पुसा."

एवढ्यावरून कुणाला वाटेल की काकांना थंड हवेचं वावडं आहे. तसं नाही. मे महिन्यात मुलगा बंगळुरूहून आला आणि त्यानं अ‍ॅपवरून टॅक्सी मागवली. आम्ही बिबवेवाडीला एका मुंजीला निघालो होतो. पाच मिनिटं झाली, काका पुढच्या सीटवरून म्हणाले, "एसी लावा की हो."

ड्रायव्हर म्हणाला, "काका, एसीनं अ‍ॅव्हरेज पडतो. काचा उघडा, छान वारा येतोय."

गाडीत शांतता पसरली. मी, मुलगा आणि काकू, तिघंही खिडकीबाहेर बघू लागलो.

"अहो, अ‍ॅव्हरेज पडतो ही अंधश्रद्धा आहे," काका म्हणाले. "क्लच असतो त्याला. फरक पडतो तो नावाला. आणि वेगात काचा उघड्या ठेवल्या तर वाऱ्याचा अडथळा होतो, त्यानं उलट जास्त पेट्रोल लागतं."

"सीएनजी आहे, काका."

"मग सीएनजी जास्त लागतो! पैसे भरलेत आम्ही."

ड्रायव्हरनं नाइलाजानं बटण दाबलं. 'टक्' असा आवाज झाला. काकांनी सीट थोडी मागे घेतली, झडप स्वतःच्या तोंडाकडे वळवली आणि स्वारगेटपर्यंत डोळे मिटून होते. उतरताना ड्रायव्हरला त्यांनी एक सल्ला दिला, तोही अगदी मनापासून: "वापर नसेल तेव्हा पट्टा काढून ठेवत जा. फरक पडतो."

आता काकांची बाजू, कारण ती थोडी आहे आणि सांगायला हवी. कंप्रेसर सोडवणं हा नेहमीच वेडेपणा नसतो. पुलीच्या बेअरिंगमधून घरघर येऊ लागली किंवा कंप्रेसर आतून जाम झाला, की पट्टा जळतो, तुटतो. बऱ्याच नव्या गाड्यांत एकच लांब पट्टा कंप्रेसरबरोबर अल्टरनेटर आणि काहींत स्टिअरिंगचा किंवा पाण्याचा पंपही फिरवतो. तिथे जाम कंप्रेसर सगळ्यांना घेऊन बुडतो. अशा वेळी कंप्रेसर वगळून जाणारा आखूड पट्टा किंवा त्याच्या जागी मोकळी पुली बसवणं हा रस्त्यात अडकण्यापेक्षा बरा मार्ग. सोलापूर रोडवर भर उन्हात एका ओळखीच्या कुटुंबाची गाडी अशी थांबली, तेव्हा फोनवरून पट्टा कापायला सांगून त्यांना घरी आणणारे आमचे हेच काका होते. त्यांची गाडीही ८०० च होती, कंप्रेसरला वेगळा पट्टा असलेली. त्या दिवसापासून ते कुटुंब काकांना फार मानतं. त्या गाडीलाही आता एसी नाही.

तर माझं सांगणं काकांना नाही, त्याचा उपयोग नाही. तुम्हाला आहे. तुमच्या जुन्या गाडीला एसी असेल तर थंडी-पावसातही आठवड्यातून एकदा पाच-दहा मिनिटं लावा. सील ओलं राहतं, गॅस टिकतो. लावायचाच नसेल तर निदान बटण बंद ठेवून गप्प बसा, पाना हातात घेऊ नका. आणि कुठे जुनी गाडी विकत घ्यायला गेलात आणि मालक सोज्वळ चेहऱ्यानं "एसी आहे हो, फक्त गॅस भरायचाय" असं म्हणाले, तर एंजिन चालू करायला लावा, बटण दाबा आणि 'टक्' ऐकू येतं का बघा. नाही आलं तर डिकी उघडायला सांगा. आत गोणपाटाचं गाठोडं दिसलं, तर वाजवी भाव ठरवताना एसी धरू नका, गाठोड्याचे साडेपाच किलो मात्र जरूर धरा.